कुत्र्याला घेऊन गाडीने कोकणात: डोंबिवली ते गुहागर, मे महिन्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेच्या तिसऱ्या आठवड्यात डोंबिवलीहून गुहागरजवळच्या गावी जायचं आहे, पाच दिवसांनी परत. सोबत दीड वर्षाचा, २६ किलोचा लॅब्राडोर. गाडी हॅचबॅक. आजवर तो फक्त दवाखान्यापर्यंतच गाडीत बसला आहे. लाळ गाळतो, दोनदा उलटी केली आहे, आणि पुढच्या दोन सीटांमधून तोंड खुपसून उभा राहतो. झोपेची गोळी द्यावी का? पिंजरा घ्यावा की पट्टा? दाभोळच्या फेरीबोटीने गेलं तर चालेल का? आणि गावी काय सांभाळायचं?

झोपेची गोळी नको. गुंगीच्या औषधांनी, विशेषतः एसप्रोमाझिनने, कुत्रा शांत दिसतो. भीती मात्र तशीच राहते, ती दाखवायचं त्राण तेवढं जातं. शिवाय रक्तदाब उतरतो आणि अंगातली उष्णता सांभाळण्याची यंत्रणा मंदावते. मेमधल्या कोकणात नेमकी हीच यंत्रणा धडधाकट हवी. पग, बुलडॉग, शिहत्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर हा धोका दुप्पट समजा. घरात माणसांसाठी आणलेली उलटीची गोळी अंदाजाने अर्धी करून देणं हेही सर्रास चालतं. तेही नको.

त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: त्याला गाडी लागते, की तो गाडीला घाबरतो? लाळ दोन्हींत गळते, उपाय मात्र वेगळे आहेत. गाडी लागते ती कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागामुळे. पिल्लांमध्ये हा भाग पुरता तयार झालेला नसतो, म्हणून लहानपणी पुष्कळांना गाडी लागते आणि साधारण वर्षभरात हा त्रास सुटतो. तुमचा दीड वर्षाचा आहे, आणि आजवरची प्रत्येक फेरी सुईपाशी जाऊन संपली आहे. तपासायला सोपं आहे. गाडी उभी, इंजिन बंद, दार उघडं, आणि त्याला आत बसवा. पाच मिनिटांत जीभ ओठांवरून फिरायला लागली, जांभया सुरू झाल्या, लाळेची तार लोंबली, तर ती भीती. उभ्या गाडीत निवांत असेल आणि दहा मिनिटं चालल्यावर, वळणं आल्यावर गप्प होऊन लाळ गाळत असेल, तर खरंच गाडी लागते आहे. बहुतेकांत दोन्ही थोडं थोडं असतं.

तीन आठवडे हातात असतील तर भीती बऱ्यापैकी काढता येते. पहिले तीन-चार दिवस गाडी जागेवरच ठेवा, दोन्ही मागची दारं उघडी, आणि रात्रीचं जेवण मागच्या सीटवर. ओढून आत घालू नका, स्वतः चढू द्या. मग दार लावून जेवण. मग इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटं उभ्या गाडीत. मग सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन परत. मग एखादा किलोमीटर, शेवटी मैदान किंवा त्याचा आवडता माणूस. त्यानंतर दहा किलोमीटर, आणि निघण्यापूर्वीच्या आठवड्यात अर्ध्या-पाऊण तासाची, वळणांच्या रस्त्याची एक फेरी. एखाद्या पायरीवर लाळ सुटली तर दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली या. लोक इथेच घाई करतात. चौथ्या दिवशी थेट लोणावळ्याला नेतात, तो उलटी करतो, आणि तीन दिवसांची मेहनत वाया जाते. या सगळ्या फेऱ्या पट्टा लावूनच करा, म्हणजे पट्ट्याचीही सवय त्यातच होते.

खरंच गाडी लागत असेल तर पशुवैद्याकडून मॅरोपिटंट लिहून घ्या. ते उलटीची सूचना मेंदूत जिथे पोहोचते तिथेच अडवतं आणि झोप आणत नाही. प्रवासाच्या निदान दोन तास आधी, एक-दोन घास अन्नाबरोबर द्यायचं, कारण अगदी रिकाम्या पोटी दिल्यास गोळीच उलटून पडू शकते. साध्या उलटीसाठी जी मात्रा असते त्याहून प्रवासाची मात्रा बरीच जास्त असते. त्यामुळे मागच्या आजारपणात उरलेली पट्टी कामाची नाही, वजन सांगून नव्याने लिहून घ्या. भीतीसाठीही औषधं आहेत, पण कोणतं आणि किती ते तपासून पशुवैद्यच ठरवतील. कोणतंही औषध पहिल्यांदा प्रवासाच्या दिवशी देऊ नका. आठवडाभर आधी सुट्टीच्या दिवशी घरी एकदा देऊन बघा.

आता पट्टा. तोंड खुपसून उभं राहण्याची सवय गोड दिसत असली तरी तुमच्या प्रश्नातली सगळ्यात काळजीची गोष्ट तीच आहे. हिशोब करून पाहा: ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. तुमच्या २६ किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत तो पाचशे किलोच्या वर जातो, आणि त्याच्या वाटेत तुमच्या दोघांच्या मानगुटी आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२५ नुसार चालकाच्या ताब्यात अडथळा येईल असं कुणालाही किंवा काहीही बसवायचं नाही, तेव्हा मांडीवरचा किंवा गिअरवर पंजा ठेवणारा कुत्रा त्यातही बसतो. पुढच्या सीटवर तर नकोच, एअरबॅग माणसाच्या छातीच्या मापाने बनवलेली असते.

पिंजरा उत्तम, पण तुमच्या गाडीत नाही. लॅब्राडोरला मान न वाकवता उभं राहता येईल, पूर्ण वळता येईल आणि पाय पसरून झोपता येईल असा पिंजरा साधारण ३६ ते ४२ इंच लांब लागतो. हॅचबॅकमध्ये तो बसवायचा तर मागची सीट पाडावी लागते, आणि मग माणसं कुठे बसणार? ज्यांच्याकडे तिसरी रांग पाडता येणारी मोठी गाडी आहे त्यांनी जरूर घ्यावा, मात्र फरशीवरच्या कड्यांना रॅचेटच्या पट्ट्याने आवळून. नुसता ठेवलेला पिंजरा म्हणजे मोठं सामान, धक्क्यात तोही उडतो. सेदानच्या बंद डिकीचा विचारही करू नका.

तुमच्यासाठी छातीपट्टा, म्हणजे हार्नेस. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी अडकवून ती सीटबेल्टला बांधली तर ब्रेक लागताच सगळा जोर मानेवर जातो, तेव्हा तो प्रकार बाद. बाजारात ‘कार हार्नेस’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ वस्तू प्रत्यक्षात फिरायला नेण्याचे हार्नेस असतात. घेताना हे बघा: छातीवरचा पट्टा चार बोटं रुंद आणि आत गादी असलेला. जोर येणारी कडी धातूची, आणि ती पाठीवर. पुढे छातीवर कडी असलेला हार्नेस चालताना ओढ कमी करायला असतो, गाडीत तो कुत्र्याला फिरवून आपटतो. शिलाई एका ओळीची नको, चौकोनात फुली मारलेली हवी. माप पुढच्या पायांच्या मागून, छातीच्या सगळ्यात रुंद जागी घ्या, आणि घातल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं सरकायला हवीत, तीन नकोत.

जोडायचं कसं, तर गाडीचा सीटबेल्ट हार्नेसच्या पाठीमागच्या फासातून ओवून बकलमध्ये लावणं सगळ्यात बरं. फास नसेल तर आयसोफिक्सच्या, म्हणजे लहान मुलांची सीट अडकवायला मागच्या सीटच्या सांध्यात असलेल्या, लोखंडी पट्टीला हुकाने अडकणारी दोरी घ्या. बकलमध्ये थेट खोचायची जी छोटी जीभ मिळते तिच्यात दोन खोड्या आहेत: प्रत्येक कंपनीच्या बकलमध्ये ती नीट लागत नाही, आणि कुत्र्याचा पंजा लाल बटणावर पडला की सुटते. लवचिक, स्प्रिंगसारखी दोरीही नको, धक्क्यात ती ताणली जाते आणि कुत्रा पुढच्या सीटवर आदळतोच. लांबी इतकीच, की त्याला बसता आणि आडवं होता यावं, पण नाक पुढच्या सीटांच्या मध्ये पोहोचू नये. तुमच्या गाडीत हे बहुधा ३० ते ४० सेंटीमीटरांत बसेल. सगळं लावून झालं की दोन्ही हातांनी जोरात हिसका द्या. कुठे काही सरकलं तर आत्ताच कळू दे.

बसवा डावीकडे, पुढच्या प्रवाशाच्या मागे. आपल्याकडे रस्त्याची कड डावीकडे, म्हणजे उतरताना तो वाहतुकीत उतरत नाही. यात एक गोम आहे. सकाळी दक्षिणेकडे जाताना ऊन डावीकडून येतं आणि परतीला दुपार उलटली तर उत्तरेकडे येतानाही डावीकडूनच. म्हणून त्या काचेवर काढता येणारी सावलीची जाळी हवी. मागच्या दारांना लहान मुलांसाठी असलेलं कुलूप लावा आणि काचांची बटणं चालकाकडून बंद करा. काचेवर पंजे टेकवून उभ्या राहिलेल्या कुत्र्याने बटण दाबणं आणि मान अडकणं हा अपघात ऐकायला विचित्र वाटतो, पण होतो. डोकं बाहेर काढून वारा खाण्याचं म्हणाल तर मुंबई-गोवा महामार्गावरच्या कामांची धूळ आणि डंपरमधून उडणारी खडी डोळ्यात जायला एक क्षण पुरतो. बुबुळावरची जखम साधी नसते.

सीटवर घालायचं झोळीसारखं आच्छादन घ्या, म्हणजे ब्रेक लागल्यावर तो सीटखालच्या पोकळीत घसरत नाही. त्यातही मध्ये जाळीची खिडकी असलेलंच, कारण बंद झोळी पुढून येणारी एसीची हवा अडवते. पुढे तुम्ही गारठता आणि मागे तो धापा टाकतो. तुमच्या गाडीला मागे एसीची तोंडं नसतील तर पुढची मधली दोन तोंडं छताच्या दिशेने वळवा आणि पंखा एक घर वाढवा. शंभर-दोनशे रुपयांचा डिजिटल तापमापक झोळीत, त्याच्या नाकाच्या उंचीवर अडकवून ठेवा. तिथे २२ ते २५ अंश हवेत, डॅशबोर्डवरच्या आकड्याला अर्थ नाही. झोळीखाली योगाची जुनी चटई अंथरा. सतरंजी घसरते, आणि घसरणारा कुत्रा वळणावर तोल सांभाळता सांभाळता दमतो आणि मळमळतो.

उष्मा हा खरा शत्रू आहे, आणि तो चालत्या गाडीत फारसा येत नाही, उभ्या गाडीत येतो. बाहेर ३० अंश असले तर बंद गाडीत दहा मिनिटांत साधारण ४० आणि अर्ध्या तासात ४९-५० अंश होतात. काच दोन बोटं खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. झाडाखाली लावली तरी सावली सरकते. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचं आणि श्वसनमार्गातलं पाणी वाफ होतं आणि त्याने अंग निवतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ही वाफ नीट होत नाही. त्यामुळे देशावरच्या कोरड्या ३८ अंशांत जो कुत्रा तग धरतो, तोच गुहागरच्या ३३ अंशांत कोलमडू शकतो. ‘उन्हाळा म्हणून केस भादरून घेतले’ असंही कुणी सांगतं. लॅब्राडोरचे भादरू नका, त्वचेला ऊन लागण्यापलीकडे त्यातून काही मिळत नाही.

म्हणून नियम एकच ठेवा: गाडी थांबली की कुत्र्यासोबत एक माणूस, अपवाद नाही. चहा प्यायचा तर पाळीपाळीने.

पहाटे चारला निघा. आदल्या रात्री आठच्या सुमारास नेहमीचं जेवण, थोडं कमी. सकाळी काही नाही, फक्त गोळीबरोबरचे दोन घास. चार महिन्यांखालच्या पिल्लांना आणि अगदी छोट्या जातींना मात्र इतका वेळ उपाशी ठेवू नये, त्यांची साखर उतरते. पाणी कुणाचंच तोडू नका. या वजनाच्या कुत्र्याला साध्या दिवशीही सव्वा ते दीड लिटर लागतं, मेमध्ये जास्त. थांब्यागणिक शंभर-दीडशे मिलीलिटर द्या, एकदम वाडगाभर दिलं तर पुढच्याच वळणावर बाहेर येईल. घरचंच पाणी पाच लिटर आणि वर दोन लिटर राखीव घ्या. कोंडीत अडकलात तर हेच कामी येतं.

कर्नाळा, पेण, वडखळ, नागोठणे हा टप्पा उजाडायच्या आत मागे टाकला तर अर्धी लढाई जिंकली. सुकेळीच्या खिंडीनंतर कोलाडच्या आसपास पहिला थांबा घ्या, आणि पुढे दर दोन-अडीच तासांनी दहा-पंधरा मिनिटं. इंदापूर-माणगावची कोंडी चाकरमान्यांना सांगायला नको. रांगत चाललेल्या गाडीत इंजिनचे फेरे कमी, समोरून वारा नाही, म्हणून एसीही ढिला पडतो. तिथे तापमापकाकडे लक्ष ठेवा. एसी भर दुपारी बंद पडलाच तर ‘दोन तासांचंच राहिलंय’ म्हणत रेटू नका. झाडीत, सावलीत थांबा, पोट आणि पंजे ओले करा, ऊन कललं की निघा.

थांब्यावर क्रम पाळा: आधी फिरवायची दोरी हार्नेसला, मग सीटबेल्ट सोडायचा, मग दार. उलटा क्रम केला की पेट्रोल पंपावरची चार गावठी कुत्री भुंकत येतात आणि तुमचा थेट महामार्गावर. सार्वजनिक नळाखालच्या डबक्यात तोंड घालू देऊ नका. डांबरावर हाताचा मागचा भाग सात सेकंद टेकवता आला नाही, तर पंजेही भाजतील. गवतावर न्या. रस्त्याकडेच्या गडग्यांत, जांभ्याच्या चिऱ्यांच्या ढिगात नाक मात्र घालू देऊ नका. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं भरपूर, आणि ते दिवसा अशाच फटीत बसतं. चावलंच तर ती जागा बांधू नका, चिरू नका. तोंडाला किंवा मानेला चावलं असेल तर गळ्यातला पट्टा लगेच काढा, कारण सूज झपाट्याने चढते. त्याला चालू न देता उचलून गाडीत घ्या आणि पशुवैद्य गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवरचं जे प्रतिविष माणसाला देतात तेच कुत्र्यालाही चालतं. निघण्यापूर्वी चिपळूण आणि गुहागरच्या दोन पशुवैद्यांना फोन करून, ते तुम्ही असाल त्या दिवसांत आहेत का आणि प्रतिविष ठेवतात का, हे विचारून घ्या. रविवारी रात्री नंबर शोधत बसणं परवडत नाही.

कशेडीच्या बोगद्यामुळे घाटाची वळणं वाचतात. बोगद्यात काचा वर आणि हवा आतल्या आत फिरवा, बाहेर आलात की पुन्हा बाहेरची हवा घ्या. तासन्‌तास आतलीच हवा फिरवत ठेवली तर कुत्र्याच्या धापेने गाडी दमट होते, आणि पावसात काचांवर वाफ धरून पुढचं दिसेनासं होतं. परशुराम घाट आणि चिपळूण ते गुहागरचा शेवटचा रस्ता हा तुमच्या कुत्र्याच्या परीक्षेचा भाग. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात पाय स्थिर, सरळ झाल्यावर वेग. वळणात शिरून ब्रेक दाबला की आडवा आणि पुढचा असे दोन हिसके एकदम बसतात, आणि पोट त्यालाच बंड करतं. जीभ ओठांवरून फिरायला लागली की सुरक्षित जागा बघून थांबा. उलटीला अजून दोन-चार मिनिटं असतात.

फेरीबोटीचं म्हणाल तर खेडहून दापोलीमार्गे दाभोळ आणि तिथून धोपावे हा रस्ता सुंदर आहे, पण खेडपासून वळणं जास्त. या पहिल्या प्रवासाला चिपळूणमार्गेच जा. पुढच्या वेळी बोट घेतलीत तर लक्षात ठेवायचं ते असं: गाडी चढली की इंजिन बंद करतात, म्हणजे एसी बंद. पत्र्याच्या उघड्या डेकवर पाव तास म्हणजे तापलेल्या तव्यावर गाडी ठेवल्यासारखं. सगळी मंडळी कठड्याशी फोटो काढतात आणि कुत्रा आत राहतो, तिथेच घात होतो. एक तर सगळ्या काचा खाली करून एक जण त्याच्याजवळ बसा, किंवा आखूड दोरीवर बाहेर सावलीत घेऊन उभे राहा. पण धक्क्याला लागायच्या आधीच, फळी खाली पडण्याचा तो खणखणाट होण्यापूर्वी, त्याला परत आत घेऊन पट्टा लावा. त्या आवाजाला भल्याभल्यांची दोरी हातातून सुटते. दिघी-आगरदांडा, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला, सगळीकडे हेच.

उष्माघात ओळखायचा कसा? धाप थांबता थांबत नाही, लाळ घट्ट आणि चिकट, हिरड्या विटेसारख्या लाल, चालताना झोकांड्या, मग उलटी. कुत्र्याचं तापमान एरवी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ही लक्षणं आणि १०४ च्या वर आकडा असेल तर आधी थंड करा, मग दवाखाना. नळाचं किंवा विहिरीचं साधं पाणी पोटावर, जांघेत, काखेत सतत ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता आत कोंडतो. जबरदस्तीने पाणी पाजू नका. गुदद्वारातून तापमान बघत राहा, १०३ ला आलं की ओतणं थांबवा, नाहीतर ते नको इतकं खाली जातं. मग एसी पूर्ण लावून दवाखाना, तो उठून शेपूट हलवायला लागला तरीही. मूत्रपिंडाचा आणि रक्त गोठण्याचा बिघाड एक-दोन दिवसांनी दिसतो.

गावी पोहोचल्यावर पहिल्या तासाभरात पोटभर जेवण देऊ नका, आधी पाणी, थोडं फिरणं, मग अर्धं जेवण. पाचही दिवसांचं त्याचं नेहमीचं खाणं घरून न्या. आजी कौतुकाने माशाचं डोकं आणि भात वाढणार, त्याला काटे आणि परतीच्या प्रवासात जुलाब अशी जोडी लागते. मे म्हणजे आंबे, आणि लॅब्राडोरला सगळ्यात धोक्याचा आंब्याचा बाठा. तो गिळला की आतड्यात अडकतो आणि बहुधा शस्त्रक्रियेनेच निघतो. खळ्यातली बाठ्यांची टोपली उंचावर ठेवा. काजूच्या बियांच्या टरफलातला चीकही तोंड भाजतो. रात्री त्याला पडवीत किंवा खळ्यात बांधू नका, खोलीत घ्या. जिल्ह्यातल्या वाड्यांवर बिबट्या येतो आणि कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य आहे. गावातली कुत्री बाहेरच राहतात हे उत्तर तिथे हमखास ऐकाल, पण ती मोकळी असतात आणि त्यांना पळायला वाट ठाऊक असते.

समुद्रावर सकाळी आठच्या आत किंवा सूर्य बुडताना. पंधरा-वीस मिनिटं पुरे, आणि मध्ये दोनदा गोडं पाणी. लॅब्राडोर चेंडू आणताना खारं पाणी गिळतात. थोडं गेलं तर उलटी-जुलाब, जास्त गेलं तर रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली असेल तिथे मोकळं सोडू नका. किनाऱ्यावर टाकून दिलेल्या मासळीत केंड हा फुगणारा मासा असतो, त्याचं विष जीवघेणं आहे, शिवाय गळ आणि जाळ्याचे तुकडे वेगळेच. परतताना विहिरीच्या पाण्याने अंघोळ घाला, जुन्या पंच्याने खसखसून पुसा, कानाच्या पाळ्या उलटून आतून कोरड्या करा. अर्धा तास सुकल्याशिवाय गाडीत घेऊ नका.

आणि गोचीड. कोकणातल्या आगरात, काजूच्या बागेत ती लागणारच, त्यामुळे तयारी घरूनच. मानेवर सोडायच्या थेंबांच्या आगेमागे दोन दिवस तरी पाणी लागू द्यायचं नसतं, म्हणजे समुद्राच्या बेतात ते बसत नाहीत. त्यापेक्षा पोटात घ्यायची गोळी बरी, निघण्याच्या तीन-चार दिवस आधी. त्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर पशुवैद्यांना आधी सांगा, या गटातल्या गोळ्या अशा कुत्र्यांना जपून देतात. रोज संध्याकाळी, आणि परतताना गाडीत चढवण्याच्या आधी, कानात, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली, पट्ट्याखाली चाचपा. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा, रॉकेल आणि काडी पेटवणं विसरा. कधी तळकोकणात दोडामार्गच्या बाजूला जाणार असाल तर ही तपासणी तुमच्या स्वतःसाठीही आहे. २०१६ पासून त्या भागात माकडताप आहे आणि तो माणसांना गोचिडीपासून होतो.

सोबतच्या पिशवीत रेबीजसह लसीकरणाचं पुस्तक (मुक्कामाच्या जागी मागतात), थर्मामीटर, चिमटा, पोव्हिडोन आयोडीन, गॉज, चिकटणारा बँडेज, तोंडाला बांधायचा मझल, कारण दुखताना घरचाही चावतो, दोन पंचे, कचऱ्याच्या पिशव्या. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन तुमच्यासाठी वेगळ्या खणात, त्याला कधीच नाही. गणपतीला पुन्हा जायचं असेल तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाची, लस जुलैतच सुरू करा. पहिल्यांदा देताना तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, आणि भातशेतीच्या साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून हा रोग फिरत असतो.

परतीलाही पहाटेच निघा. ‘दुपारी जेवून आरामात’ हा बेत मोडा, कारण मग ऊन आणि माणगाव दोन्ही एकदम भेटतात. मुंबईत आल्यावर तीन आठवडे लक्ष ठेवा. जेवण सोडणं, अंग तापणं, हिरड्या फिक्या पडणं, नाकातून रक्त, लघवीचा गडद रंग, यातलं काहीही दिसलं तर गोचीडतापासाठी रक्त लगेच तपासून घ्या, आणि कोकणात जाऊन आल्याचं डॉक्टरांना सांगा, अंगावर गोचीड सापडली नसली तरी.